नाव लिहायची परवानगी

रस्त्यावर चुन्याने नाव लिहायचं तर त्याला कुणाची तरी परवानगी लागत असेल, ही शंका आर्ताबिदे गावात आजवर एकाच माणसाला आली. त्या माणसाचं नाव आन्सेल्मो एचाबे. शंका आली ती आली, पण ती मनात ठेवून गप्प बसावं एवढंही त्यांना सुचलं नाही, आणि पुढे जे रामायण घडलं ते सगळं त्या एका शंकेच्या पोटातून बाहेर पडलं.

यात त्यांचा फार दोष होता असंही नाही. चौतीस वर्षं ते नोटरीच्या कचेरीत मुख्य कारकून होते. माणूस गेला हे घरचे रडतायत यावरून नव्हे, तर दाखल्यावरून ठरतं, अशा हवेत ज्याचा जन्म गेला त्याच्याकडून वेगळं काय होणार? लग्नाची तारीख विचारली तरी ते कपाटातला दाखला काढून बघत. त्यावर त्यांची बायको एदुर्ने म्हणायची, "मी समोर उभी आहे ना? मग झालंय लग्न."

तर त्या वर्षी जाहीर झालं, की एप्रिलमधली पाच खोऱ्यांची सायकल शर्यत आर्ताबिदेतून जाणार. पाच दिवस, रोज एक टप्पा, आणि चौथ्या टप्प्यात गावातून निघून थेट सागरमेंदीचा चढ. आता बास्क मुलखात सायकलची शर्यत म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळायचं नाही. एवढंच सांगतो, की त्या शनिवारी चर्चमध्ये एक बाप्तिस्मा ठरला होता. तो पुढे ढकलावा असं विचारायला बाळाची आई पाद्रीबुवांकडे गेली, तर ते म्हणाले, "अगं, मी टोपी घालून तुझ्याकडेच निघालो होतो." नगराध्यक्षांनी चौकातल्या कारंज्याला रंग दिला. कारंजं दगडाचं होतं, त्याला रंगाची गरज नव्हती, पण नगराध्यक्षांना काहीतरी करण्याची होती.

एचाबेंच्या घरात मामला याहून नाजूक होता. त्यांचा एकुलता एक मुलगा शुबान या शर्यतीत होता. होता म्हणजे, जिंकणाऱ्यांत नव्हता. शुबान पाणक्या होता. एका लहानशा संघात सहा वर्षं त्याचं काम एकच. मागे संघाच्या गाडीपर्यंत जायचं, सदऱ्यात आठ-आठ बाटल्या खुपसायच्या, आणि जीव तोडून पुन्हा पुढे येऊन त्या बाकीच्यांना वाटायच्या. कॅमेरा असतो पुढच्यांवर आणि पाणक्या असतो मागे. आन्सेल्मो खोलीचं दार लावून प्रत्येक शर्यत टीव्हीवर बघत. सहा वर्षांत मुलगा एकूण अकरा सेकंद दिसला होता, त्यांतले आठ सेकंद पाठमोरा.

हे दार लावून बघण्याचं कारण जुनं होतं. सहा वर्षांपूर्वी नोटरीच्या परीक्षेचा अभ्यास सोडून शुबानने संघाच्या कागदावर सही केली, तेव्हा आन्सेल्मो एकच वाक्य बोलले होते, "सायकलला पेन्शन नसतं." वाक्य खरं होतं, म्हणून तर ते मागे घेता येईना. तेव्हापासून मुलाचा फोन आला आणि नेमका आन्सेल्मोंनी उचलला, तर संभाषण ठरलेलं होतं. "हो. बरा आहे. आईला देतो." सहा वर्षांत यात एका शब्दाची भर पडली नव्हती. आणि आता शुबानचा करार या वर्षाअखेर संपत होता. पुढे कुणी घेईल अशी चिन्हं नव्हती. म्हणजे मुलाला रस्त्यावर बघायचं तर हीच वेळ पहिली आणि हीच शेवटची.

चोमिनच्या बारमध्ये विषय निघाला. चोमिन हा गावातला सायकलचा अखेरचा शब्द, कारण तरुणपणी तो एका शर्यतीत चौथा आला होता. पहिले तिघं कोण हे कुणालाच आठवत नाही, पण चौथा कोण हे चोमिन रोज आठवून देतो.

"नियम असा आहे," तो काउंटर पुसत म्हणाला, "ज्याच्या गावातून शर्यत जाते त्याला घोळका सुट्टी देतो. सगळे जरा हळू होतात, तो एकटा पुढे सुटतो. घरच्यांपाशी उतरायचं, आईचा पापा घ्यायचा, घोळका आला की पुन्हा त्यात घुसायचं. अर्धं मिनिट. पण अर्धं मिनिट त्याच्या बापाचं!"

"हा नियम कुठे लिहिलाय?" आन्सेल्मोंनी विचारलं.

"कुठेच नाही. म्हणून तर सगळे पाळतात."

"आणि घरचे नेमके कुठे उभे आहेत हे त्याला कसं कळणार? दोन्ही बाजूंना माणसंच माणसं."

"अरे, रस्त्यावर नाव लिहायचं ना! जिथे नाव, तिथे घरचे. कपेलाच्या वळणावर लिही, त्या छोट्या प्रार्थनाघरापाशी. तिथे चढ इतका उभा आहे की बिचारे तसेही रांगत असतात."

आन्सेल्मो घरी आले आणि कोट न काढताच म्हणाले, "शुबानला कळव. नाव मी लिहीन. जिथे नाव दिसेल तिथे थांब म्हणावं."

एदुर्नेने फोन लावला. "अरे, रस्त्यावर तुझं नाव बाबा लिहिणार आहेत." पलीकडून शुबानने विचारलं, "कुणाचे बाबा?"

वचन असं गेलं. आता उरला फक्त एक बादली चुना आणि एक ब्रश. पण आर्ताबिदेत एवढं सोपं काही नसतं. कुणी म्हणालं चुन्यात दूध घाल, पावसाला दाद देत नाही. कुणी म्हणालं दूध नको, अंड्याचा पांढरा बलक घाल. वरच्या मजल्यावरची लुशिया, जी नवरा गेल्यापासून जिन्यातल्या प्रत्येक संभाषणात भाग घेते, ती म्हणाली, "मग मूठभर पीठ पण घाला आणि केकच करा." तिच्याकडे न्हाणीघराचा गुलाबी रंग अर्धा डबा उरला होता, तो तिने न विचारता दारात आणून ठेवला.

"पहाटे जा, लिही आणि नाश्त्याला परत ये," एदुर्ने म्हणाली. "सगळे तेच करतात."

"रस्ता आपला आहे का?" आन्सेल्मो म्हणाले.

इथून पुढे एदुर्नेने कपाळाला लावलेला हात शनिवारपर्यंत काढला नाही.

नगरपालिकेत कळलं की कारंज्यापर्यंतचा रस्ता गावाचा, पुढचा प्रांताचा. आन्सेल्मो नवा कोट घालून, बस पकडून प्रांताच्या रस्ते कचेरीत गेले. तिथे खिडकीपलीकडे इबाबेबाई होत्या. मनाने वाईट नव्हत्या, आणि हीच त्या कचेरीतली खरी अडचण होती. वाईट असत्या तर त्यांनी सरळ हाकलून दिलं असतं.

"काय लिहायचंय?"

"नाव. मुलाचं. चुन्याने. शर्यत झाली की मी स्वतः पुसीन."

बाईंनी चष्मा काढला. "एकोणीस वर्षं या खिडकीत आहे मी. हे विचारायला आलेले तुम्ही पहिले."

"मग रस्त्यावर एवढी नावं असतात ती?"

"लिहितात की. सगळेच लिहितात. माझा भाऊपण लिहितो. पण कुणी विचारत नाही ना! विचारलंत, म्हणजे आता उत्तर द्यावं लागणार."

"मी विचारलंच नाही असं समजा."

"नोंद झाली हो," त्या मनापासून हळहळत म्हणाल्या आणि त्यांनी एक अर्ज पुढे सरकवला. तसा अर्ज मुळात पांढरे पट्टे, बाण वगैरे मागण्यासाठी होता, पण नावासाठी वेगळा अर्ज नव्हता. एक पांढरी प्रत, एक पिवळी. खुणेचा उद्देश: दिशा दाखवणे, सावध करणे, थांबवणे. नको ते खोडा. आन्सेल्मो खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पाच मिनिटं विचार केला आणि 'थांबवणे' तेवढं ठेवलं. वाहनाचा प्रकार: सायकल. संख्या: एक. ठिकाण: सागरमेंदी, कपेलाचं वळण. अर्ज भरून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं. त्यांचं अक्षर अजूनही चांगलं होतं.

शर्यतीच्या आदल्या सोमवारी उत्तर आलं. परवानगी नाकारण्यात येत आहे. इथवर एखाद्याने निभावून नेलं असतं. पण खाली आणखी एक वाक्य होतं: "अर्जदाराचा हेतू खात्यास ज्ञात झाला असल्याने, सदर रस्त्यावर असे कोणतेही लिखाण आढळल्यास ते अर्जदाराने स्वतः पुसावे."

चोमिनने ते वाक्य बारमध्ये मोठ्याने तीनदा वाचलं. "म्हणजे अख्ख्या खोऱ्यात सगळ्यांना लिहिता येईल, फक्त तुला नाही!"

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण," लुशिया म्हणाली.

"'कोणतेही' म्हणजे माझंच, की सगळ्यांचं?" आन्सेल्मोंनी विचारलं. हे त्यांनी बारमध्ये विचारलं इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच फोनवर इबाबेबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "का विचारलंत हो? आता 'कोणतेही' म्हणजे सगळ्यांचं, असं मला सांगावं लागणार."

त्या सकाळी सागरमेंदीवर पहिली नावं उमटली होती. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका पोराचं नाव, दोन नामांकित स्पर्धकांची, एक मोठा मासा (तो का, हे अजून कुणाला कळलेलं नाही), आणि एका सुताराने आपल्या होणाऱ्या बायकोला घातलेली मागणी. आन्सेल्मो बादली, खराटा आणि सफरचंदाच्या शिरक्याचा कॅन घेऊन निघाले. शिरक्याने चुना सुटतो हे त्यांना लुशियाने सांगितलं होतं, आणि तिने सांगितलेली ही एकमेव गोष्ट खरी निघाली. ते वाकून घासू लागले. मासा पुसायला पाऊण तास लागला. मागणीपाशी ते थबकले, कारण सुतार त्यांच्या ओळखीचा होता. पण 'कोणतेही' म्हणजे कोणतेही. दुसऱ्या दिवशी नवी नावं आली, तीही पुसली. सगळ्या चढाला लोणच्याच्या बरणीसारखा वास येऊ लागला.

गाव खवळलं. सुताराची होणारी बायको तो रस्ता बघायला गेली आणि कोरडीच परत आली, म्हणून सुतार बोलेनासा झाला. चोमिनच्या बारमध्ये पत्त्यांना आन्सेल्मोंचा जोडीदार व्हायला कुणी तयार होईना. कॉफी मिळे, पण तिच्याबरोबर नेहमी मिळणारा ऑम्लेटचा तुकडा मिळेना.

"लोक म्हणतायत, एचाबेला मुलाची लाज वाटते," चोमिनने एकदाचं सांगून टाकलं. "पाणक्याचं नाव लिहिता येत नाही, म्हणून दुसऱ्यांचीपण पुसतोय."

आन्सेल्मोंनी कप खाली ठेवला. त्यांना फार लागलं. पत्र त्यांच्या खिशात होतं, काढून दाखवता आलं असतं, पण असल्या गोष्टीवर पत्र दाखवून काही होत नाही हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं.

शुक्रवारी सकाळी ते शेवटचा हात मारायला वळणावर पोहोचले, तर तिथे रस्ते खात्याचा ट्रक उभा. दोन माणसं यंत्राने रस्त्यावर आडवी जाडजूड पांढरी रेघ ओढत होती. रेघेच्या अलीकडे पुरुषभर उंचीची सायकल काढून झाली होती, आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत शब्द होता: थांबा.

"हे काय?" आन्सेल्मोंच्या तोंडून कसंबसं निघालं.

"मागणी आली होती," त्यातला जाडा म्हणाला आणि त्याने पिवळी प्रत आन्सेल्मोंच्या हातात ठेवली. थांबवणे. सायकल. एक. अक्षर आन्सेल्मोंचं होतं. खाली 'मंजूर' असा शिक्का होता, आणि आन्सेल्मोंनी चौतीस वर्षांत हजारो शिक्के बघितले होते. हा अस्सल होता.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! ते घरी धावले आणि फोन लावला. इबाबेबाईंनी शांतपणे समजावलं, "नकार आमच्या विभागाचा, पांढऱ्या प्रतीवर. मंजुरी वरच्या मजल्याची, पिवळ्या प्रतीवर. दोन्ही बरोबर आहेत."

"मग मी ही खूण पुसायची की नाही?"

"पांढऱ्या पत्राप्रमाणे तुम्हीच पुसायची."

"आणि पुसली तर?"

"पिवळ्या पत्राप्रमाणे तो गुन्हा. शिवाय हा रंग पक्का असतो हो, शिरक्याने जायचा नाही. आमच्यापर्यंत वास आलाय."

आन्सेल्मो दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी ठेवून बसले. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण आड आणि विहीर निदान वेगवेगळ्या ठिकाणी तरी असतात. त्यांनी पत्रांची जागा बदलून पाहिली. मग चष्मा बदलून पाहिला. त्यांचा आयुष्यभराचा विश्वास असा, की कागद नीट वाचला की गोंधळ मिटतो. हे कागद जितके नीट वाचावे तितका गोंधळ वाढत होता.

दुपारी शर्यतीचा एक अधिकारी रस्ता तपासायला आला. पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी. शर्यतीच्या ऐन वाटेत 'थांबा' बघून तो स्वतःच थांबला. आन्सेल्मोंनी त्याला दोन्ही पत्रं दिली. त्याने ती वाचली, तो कपेलाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "मी रस्त्यात गायी बघितल्यात. एकदा वरात बघितली. हे नव्हतं बघितलं." मग बराच वेळ डोकं खाजवून त्याने निर्णय दिला. "उद्या सकाळी सगळ्या स्पर्धकांना ताकीद देतो. कपेलाच्या वळणावर खूण आहे, तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. इथे कुणीही थांबणार नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही. काळजी सोडा."

"एखादा थांबला तर?"

"नाही थांबणार हो! मी जातीने सांगतो ना!" तो आन्सेल्मोंच्या खांद्यावर थोपटून निघून गेला.

त्या संध्याकाळी एदुर्ने कपाळावरचा हात तात्पुरता काढून म्हणाली, "आता तरी फोन कर त्याला. नाव नाहीये, सांग. आम्ही वळणावर आहोत, सांग. वाक्यं दोनच आहेत."

आन्सेल्मोंनी नंबर फिरवला. ती दोन्ही वाक्यं त्यांनी कागदावर लिहून घेतली होती. पलीकडून शुबानचा आवाज आला, "बाबा? तुम्ही कसे? आई बरी आहे ना?"

"हो. बरा आहे," आन्सेल्मो म्हणाले. "आईला देतो."

सहा वर्षांची सवय ती. हात आपोआपच पुढे गेला. एदुर्नेने फोन घेतला नाही. "मी नाही सांगणार," ती कुजबुजली. "वचन तू दिलंस, तू सांग." आन्सेल्मोंनी फोन पुन्हा कानाला लावला, तोवर पलीकडून कुणीतरी मालिशसाठी शुबानला हाक मारली आणि तो "उद्या भेटू, नाव बघून थांबतो!" असं म्हणून गेलाही होता.

शनिवार उजाडला तो धुक्यात आणि भुरभुर पावसात. सागरमेंदीच्या चढावर दोन्ही बाजूंना छत्र्याच छत्र्या. कुणाच्या हातात गाईच्या गळ्यातली घंटा, कुणाच्या हातात झारा आणि परात. आन्सेल्मो रेघेच्या बाजूला उभे होते. त्यांच्या आजूबाजूला तेवढी जागा रिकामी होती. एदुर्नेच्या टोपलीत ऑम्लेट होतं, पाव होता आणि कारंज्याचं पाणी भरलेली एक बाटली होती. प्यायला म्हणून आन्सेल्मोंनी ती हातात घेतली, पण प्यायचं राहून गेलं. समोर सगळा रस्ता धुऊन काढलेल्या पाटीसारखा स्वच्छ. अख्ख्या प्रांतात इतका स्वच्छ रस्ता नव्हता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने केला होता.

पोलिसांच्या मोटरसायकली गेल्या. भोंग्याची गाडी गेली. मग खालच्या छत्र्यांमध्ये एकदम गलका उठला आणि धुक्यातून एकटी सायकल वर आली.

घोळक्याने सुट्टी दिली होती. शुबान होता. चिखलाने माखलेला, टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा बारीक. सगळं गाव त्याचं नाव घेऊन ओरडत होतं, घंटा बडवत होतं. पण शुबान कुणाकडे बघतच नव्हता. मान खाली घालून तो रस्ता बघत होता. डावीकडे बघे, उजवीकडे बघे, आणि पुन्हा चाकापुढे बघे.

"अगं बाई," लुशिया म्हणाली, "तो नाव शोधतोय."

चोमिनच्या हातातला झारा खाली आला. सुताराने इकडे तिकडे पाहिलं. कुणाला काय करावं सुचेना. जो तो नाव घेऊन ओरडतोय म्हटल्यावर, त्यातले घरचे कोण ते पोराला कळणार कसं? एदुर्ने छत्र्यांच्या मागे टाचा उंचावून हात हलवत होती, पण बुटकी. शुबान वळणावर आला. त्याने खाली 'थांबा' वाचलं. सकाळी ताकीद मिळाली होतीच. त्याने दात आवळले आणि पेडलवर जोर दिला.

तेव्हा आन्सेल्मो एचाबे दोरी ओलांडून रस्त्यात उतरले. दोरी ओलांडू नये अशी पाटी तिथेच लावलेली होती. ते रेघेवर जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "शुबान! इकडे बघ! मी आहे इथे! तुझा बाप आहे इथे!"

त्या माणसाचा चढलेला आवाज गावाने कधी ऐकला नव्हता. घंटा थांबल्या, झारे थांबले. शुबानने मान वर केली, ब्रेक दाबले, आणि त्याचं पुढचं चाक बरोबर रेघेवर येऊन टेकलं.

"नाव कुठंय, बाबा?" तो धापा टाकत म्हणाला.

"परवानगी मिळाली नाही."

शुबान त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही परवानगी मागितलीत?" आणि तो हसायला लागला. हँडलवर डोकं टेकून, धाप लागलेली असताना माणसाने हसू नये तसा हसत सुटला. "आणि ही रेघ?"

"तिला मिळाली."

एदुर्ने छत्र्यांतून वाट काढत आली आणि तिने चिखलासकट त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. आन्सेल्मोंना बोलायचं खूप होतं, पण लिहून आणलेलं काही नव्हतं. हातात बाटली आहे हे त्यांच्या लक्षात आलं. "घे," ते म्हणाले. "तुला कोण देतं पाणी?"

शुबान हसायचा थांबला. त्याने बाटली घेतली आणि एका दमात अर्धी संपवली. खालून घोळक्याचा आवाज यायला लागला होता.

"निघतो, बाबा. पण चढावर सुरुवात होत नाही. ढकलायला लागेल."

"ढकलणं नियमात बसतं?"

"नाही बसत."

पिवळ्या जाकिटातला अधिकारी मोटरसायकलवरून येऊन समोरच थांबला होता आणि त्याने वही काढली होती. आन्सेल्मोंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, त्यानेही आपल्याला नीट पाहिलंय याची खात्री करून घेतली, आणि दोन्ही हात मुलाच्या पाठीला लावले. नव्या कोटासकट, पासष्ट वर्षांच्या गुडघ्यांसकट, ते ढकलत निघाले. दहा पावलं गेल्यावर बाजूला चोमिनचा हात आला, मग सुताराचा. आन्सेल्मोंनी दोघांचेही बाजूला केले. "माझा आहे," ते म्हणाले. आणखी पाच पावलांवर शुबान त्यांच्या हातातून सुटला आणि धुक्यात गेला.

त्याला या ढकलण्याबद्दल वीस सेकंदांची शिक्षा झाली आणि त्या टप्प्यात तो शेवटून तिसरा यायचा तो शेवटून दुसरा आला. संध्याकाळी घरी फोन वाजला. आन्सेल्मोंनी उचलला. एदुर्नेने नेहमीप्रमाणे हात पुढे केला. आन्सेल्मोंनी तिच्याकडे पाठ केली, खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, "हं, बोल. पाय कसे आहेत?" एदुर्ने थोडा वेळ तसाच हात धरून उभी राहिली आणि मग भांडी घासायला गेली.

रेघ अजून तिथेच आहे. पुसायची कुणी ते ठरलेलं नाही. आणि पंधरा दिवसांनी रस्ते कचेरीतून एक पत्रक आलं, नव्या खुणेबद्दल अर्जदाराचा अभिप्राय मागवणारं. आन्सेल्मोंनी जेवणाचं टेबल पुसून घेतलं, चांगलं पेन काढलं आणि आपल्या वळणदार अक्षरात एकेक रकाना भरला.

खुणेचा उपयोग झाला का: झाला.
वाहनाचा प्रकार: सायकल.
संख्या: एक.
थांबण्याचा कालावधी: एकोणतीस सेकंद.
खुणेच्या ठिकाणी नियमभंग घडला का: हो. अर्जदाराकडून.

खाली 'शेरा' असा एक रकाना होता. तो रिकामा सोडला तरी चालतो, हे चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला सांगायला नको. आन्सेल्मोंनी थोडा विचार केला, लिहिलं, "पुन्हा ढकलीन," आणि खाली सही केली.